कंसातलं मत

एकदा एका तालुक्याच्या गावी एक तरुण राहत होता आणि त्याला सगळ्याबद्दल मत होतं. तुम्ही म्हणाल, असा एक तर प्रत्येक गल्लीत असतो. असतो खरा! पण याच्या मताला वेग भारी. समोरच्याने नवा फोन खिशातून पुरता काढायच्या आत याचं सांगून झालेलं असे: कॅमेरा ठीक, बॅटरी भिकार, दोन महिने थांबला असतात तर बरं झालं असतं. लॅपटॉपच्या कळा कशा असाव्यात, अमुक मालिका कितव्या भागापासून बिघडली, जुन्या गाण्यांना नवा ठेका लावणाऱ्यांना काय शिक्षा व्हावी, हे सारं त्याच्यापाशी तयार असे. वाईट मुलगा नव्हता हो. कुणाच्याही अडीअडचणीला धावून जायचा. नाव शार्दूल, वय सव्वीस.

हा शार्दूल होनराव सरांच्या हाताखाली संगणकदुरुस्ती शिकत होता. सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं छोटंसं दुकान होतं, एक टेबल, दोन स्टुलं आणि भिंतभर उघडे पडलेले संगणक. सर दिवसभरात जेवढं बोलत, तेवढं शार्दूल एक स्क्रू पिळताना बोलून घेई. सर कधी रागावत नसत. फार झालं की चष्म्यावरून एकदा बघत, आणि शार्दूल अर्धं मिनिट गप्प बसे.

एके दिवशी सकाळी सर एका शाळेतले संगणक बघायला गेले होते आणि दुकानात शार्दूल एकटा होता. रिक्षातून एक वृद्ध गृहस्थ उतरले. मांडीवर धरून आणलेला संगणक त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. हे उपळेकर काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त. कानामागे ऐकण्याचं यंत्र, आणि बोलणं थोडं मोठ्या आवाजात.

"फार मंद झालाय हो हा," काका म्हणाले. "सिनेमा लावला की मधेच अडकतो. आमच्या हिचा चारचा सिनेमा असतो रोज. तेवढा सुरळीत चालला पाहिजे बघा."

"काका, हा संगणक नाही, पुराणवस्तू आहे!" शार्दूल हसला. मग त्याने आत डोकावून पाहिलं. एका भागात सिनेमे होते, धूसर, खरखरीत प्रतींचे. त्यांच्या शेजारी शेकडो इवल्याशा फायली पडलेल्या, चिमूटभर आकाराच्या. "यात महत्त्वाचं काही नाही ना, काका?" त्याने विचारलं, आणि काकांचं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तरही दिलं, "नसणारच म्हणा. जुने सिनेमेच तर आहेत!" पुढची दहा मिनिटं तो जुन्या चित्रपटांच्या प्रती कशा जपल्या जात नाहीत यावर बोलत होता. काकांनी दोनदा हात वर केला, मग खाली घेतला. कानातल्या यंत्राचे सेल आणायला ते बाजारात गेले.

शार्दूलने काय करावं? तो सगळा भाग त्याने पुसून मोकळा केला. त्याच्या स्वतःच्या संग्रहात तेच सिनेमे होते, चकचकीत, एकेक ओरखडा काढून साफ केलेले. म्हाताऱ्या जोडप्याला छान भेट देऊ, पैसेही घ्यायचे नाहीत, असं म्हणून तो एकेक सिनेमा त्या रिकाम्या जागेत उतरवू लागला. मनात केवढा आनंद! (कुणाचं भलं करताना आपण इतके खुशीत असतो, की त्याला विचारायचं राहूनच जातं. हे माझं मत आहे, म्हणून कंसात ठेवतो. कंसाचं पुढे येईल.)

तासाभराने काका परतले. सरही तेव्हाच शाळेतून आले.

"बघा काका!" शार्दूलने एक सिनेमा लावून दाखवला. "नायिकेच्या साडीचे काठ दिसतात की नाही?"

काका वाकले. चित्राच्या वरच्या भागाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तळाशी बघत होते.

"ओळी कुठायत?" त्यांनी विचारलं.

"कसल्या ओळी?"

"खालच्या. माझ्या. बारीक बारीक फायली होत्या ना, सिनेमाच्या शेजारी?"

"त्या... मी पुसल्या, काका."

आणि तेवढ्यात एक विचित्र गोष्ट घडली. होनराव सर झपाट्याने पुढे आले आणि काहीएक न बोलता त्यांनी भिंतीतून तार खसकन ओढली. पडदा काळा झाला. शार्दूल बघतच राहिला. चालू संगणकाची तार कधीही ओढायची नाही, आधी तो रीतसर बंद करायचा, हा तर सरांचा पहिला धडा! दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून ही चूक झाली होती, तेव्हा सरांनी आठवडाभर त्याला यंत्राला हात लावू दिला नव्हता.

सरांनी स्टूल पुढे केलं. "बसा उपळेकर. कसल्या ओळी होत्या, सांगा."

काका बसले. "हिला ऐकू येत नाही हो. चौतिसाव्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यात गेलं. सिनेमाचं वेड फार. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आपण लिहून द्यावं. सकाळी कानाला हेडफोन लावून मी सिनेमा ऐकायचो, कोण काय बोलतं ते टंकायचो. चार वाजता चहा घेऊन दोघं बसतो. तळाशी माझ्या ओळी येतात, ती वाचते. अकरा वर्षं झाली."

"काका, आता ॲप आहेत, आपोआप ओळी काढून देतात," शार्दूल घाईघाईने म्हणाला. "किंवा आपण पुन्हा..."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. पण तोवर काकांनी शार्दूलच्या ओठांवरून ते टिपलं होतं.

"पुन्हा कसं लिहू बाळ? आता मलाच नीट ऐकू येत नाही. या यंत्रातून आवाज येतो, शब्द नाही कळत." ते जराही चिडले नाहीत. नव्या सेलची पुडी तेवढी बोटांनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "आज चार वाजता तिला काय सांगू?"

शार्दूलला रडूच फुटलं.

काका गेल्यावर सरांनी पेचकस घेतला आणि संगणकातली डिस्क बाहेर काढायला सुरुवात केली. "सर, तार का ओढलीत?" शार्दूलने हळूच विचारलं.

"तू पुसलंस म्हणजे काय केलंस?" सर म्हणाले. "वहीची अनुक्रमणिका फाडलीस. पानं आहेत तिथेच आहेत, फक्त कोणत्या पानावर काय, ते कळेनासं झालं. यंत्र ती कोरी समजतं आणि नवं लिहायला घेतं. खरा नाश पुसल्याने होत नाही, वर दुसरं लिहिल्याने होतो. तू तेच करत होतास. रीतसर बंद केला असता तर जाता जाताही त्याने हातातलं कुठेतरी खरडलं असतं. म्हणून ओढली. काही वाचवायचं असेल तर आधी आपला हात काढून घ्यावा लागतो."

स्क्रू निघाला. सर जरा थांबले.

"माणसांचंही असंच असतं रे. समोर येऊन बसतात तेव्हा त्यांच्याजवळ काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून आपण कोरं समजतो आणि आपलं लिहीत सुटतो. चांगलंच लिहितो, चकचकीत. पण त्यांचं खाली पुसलं जातं. उपळेकरांनी दोनदा हात वर केला असेल, हो ना?"

शार्दूलने मान खाली घातली. सर तर तेव्हा दुकानात नव्हतेही.

डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून तिच्यातलं पान नि पान उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. चारशे बारा तुकडे हाती आले. पण एकालाही नाव नव्हतं, नुसते आकडे. कोणता तुकडा कोणत्या सिनेमाचा, हे वाचल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

"वाच आणि ओळख," सर म्हणाले. "आणि वाचून होईतो मत नको."

शार्दूल वाचू लागला. पहिल्या दिवशी लाज वाटत होती म्हणून वाचलं, दुसऱ्या दिवसापासून थांबवेना म्हणून. काकांनी नुसते संवाद लिहिले नव्हते. मधे मधे कंस होते, आणि कंसात ऐकू येणारं सगळं जग होतं.

(दारावर थाप. घाईची आहे.)

(बांगड्या. तुझ्या त्या हिरव्या वाजायच्या तशा.)

(गाणं सुरू झालं. चाल सांगता येत नाही, पण माझा पाय हलतोय तो बघ.)

आणि एका सिनेमात, ज्याला शार्दूल आजवर दहा जणांपुढे रटाळ म्हणाला होता, एका लांबलचक शांत प्रसंगाखाली लिहिलं होतं:

(इथे सगळेच गप्प आहेत. तुझं काही चुकत नाहीये.)

तेवढ्या एका ओळीपाशी तो किती वेळ बसून होता कुणास ठाऊक. तो प्रसंग त्याने नेहमी पुढे ढकलून टाकला होता.

आठवड्याभरात जवळजवळ सगळं जागेवर लागलं. गेलं ते एकच, आणि नेमकं काकूंच्या सर्वांत आवडत्या सिनेमाचं: शेवटची वीस मिनिटं. त्या पानांवर शार्दूलची चकचकीत भेट उतरून बसली होती. त्याने काकांना दुकानात बोलावलं, शेजारी स्टूल दिलं आणि कानाला हेडफोन लावून स्वतः ऐकायला बसला. वीस मिनिटांना तीन दिवस लागले. ऐकणं एवढं कष्टाचं काम असेल, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"काका," तो वळून, ओठ सावकाश हलवत विचारी, "स्वयंपाकघरात भांडं पडलं. काय लिहू?"

"हातातून निसटलं, की रागाने टाकलं?"

शार्दूल पुन्हा ऐके. "निसटलं."

"मग तसं लिही. तिला कळायला हवं ना, घाबरायचं की नाही ते."

बुधवारी चार वाजता सर आणि शार्दूल उपळेकरांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला, बशीत चिवडा दिला आणि खुर्ची पडद्यापुढे ओढली. कित्येक दिवसांनी ओळी दिसल्या तशा त्या थोड्या पुढे सरकून बसल्या. मग शार्दूलने लिहिलेली शेवटची वीस मिनिटं आली. नायकाचा मोठा भाऊ उपदेश करायला उभा राहिला. तळाशी त्याचे शब्द उमटत गेले, एक ओळ, दुसरी, दहावी. आणि मग:

(हा उगाच फार बोलतो.)

शार्दूलने कपाळावर हात मारला. निसटलं होतं! एवढी खबरदारी घेऊनही निसटलं होतं. काकू मात्र खळखळून हसल्या. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसांचं असतं तशा सपाट, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे ह्यांचं नव्हे! ह्यांना मेलं कुणी वाईट दिसतच नाही. कुणी लिहिलं रे, तू?"

"काढून टाकतो, काकू," शार्दूल खुणेने म्हणाला.

"काढतोस कशाला? बोलतोच तो फार!"

सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "असू दे रे. मत असायला ना नाही. आधी सगळं ऐकून घेतलंस, त्याचे शब्द त्याला दिलेस आणि मग तुझं कंसात ठेवलंस. तेवढीच मताची जागा."

सिनेमा शेवटाला आला. रिकामं अंगण, दोन माणसं पायरीवर बसलेली, कुणी काही बोलत नाही. उपळेकर काका कानातल्या यंत्राला बोट लावून त्याचा आवाज वाढवत होते, यंत्र नुसतं कुईकुई करत होतं. इतकी वर्षं ज्याने लिहून दिलं त्याला आता काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि तो ते कुणाला कळू देत नव्हता. इतक्यात तळाशी ओळ उमटली.

(आता कुणीच बोलत नाहीये. काकू, काका, तुमचं दोघांचंही काही चुकत नाहीये.)

काकांनी ती वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग कानामागचं यंत्र काढून खिशात ठेवलं, खुर्ची काकूंच्या खुर्चीला लावली आणि दोघं खालच्या ओळीकडे बघत बसले.