हिरवा गोल, लाल गोल

मुलांनो, आटलेल्या ओढ्याकाठच्या रानात एक मुंगी राहत होती. कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. रानाची वेबसाइट तीच सांभाळायची. प्रत्येक पाणवठ्याचे एक पान आणि प्रत्येक पानावर वर उजव्या कोपऱ्यात एक गोल. हिरवा म्हणजे खुशाल पाणी प्या. लाल म्हणजे तिथे मगर आहे, फिरकू नका. ज्यांना अक्षर कळत नसे त्यांचेही काम भागे. मोबाईल उघडायचा, कोपरा बघायचा, निघायचे.

एकदा वारुळाची भिंत खचली, म्हणून मुंगीने आठवडाभर ती पाने सरड्याकडे सोपवली. सरड्याचे एका रंगावर कुठले भागते! "शी! सगळी पाने एका साच्यातली?" म्हणत त्याने वडाच्या तळ्याला लाल गोल दिला, कारण वडाची फळे लाल. मगरीच्या डोहाला दिला हिरवागार, कारण डोहावर शेवाळ. मगरीचे नाव टाकले पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. स्वतः हा दवावर जगणारा. त्याला कुठे पाणवठ्यावर जायचे असते?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हरिणी पाडसाला घेऊन निघाली. "आई, घसा सुकला गं." तिने डोहाचे पान उघडले. कोपऱ्यात हिरवा गोल. "चल बाळा, पी पोटभर." पाडसाने तोंड लावले आणि पाणी फाडून मगर झेपावली. हरिणीने डोक्याने धडक देऊन पोराला बाजूला उडवले म्हणून ते वाचले. तिचा अर्धा कान मात्र मगरीच्या जबड्यात गेला.

रक्ताळलेल्या कानाने ती सरड्यासमोर उभी राहिली. सरडा म्हणाला, "खाली लिहिलं होतं की, मावशी! वाचायचं ना!"

"मेल्या, तहानेने लेकरू कासावीस झालेलं, आणि मी खाली वाचत बसू? हिरवा दिसला की माझे पाय आपोआप निघतात. तशी सवय तुम्हीच लावलीत ना?"

"पण पानं किती सुंदर दिसतात!"

"दिसतात ना?" धावत आलेली मुंगी कडाडली. "मग उद्यापासून तूच जा तिथे."

मुंगीने संध्याकाळपर्यंत सगळे गोल पूर्वी होते तसे केले. पण सकाळी वडाच्या तळ्यावर, हिरवा गोल बघूनही, पाडस पुढे येईना. लांबच थरथरत उभे. तेव्हा मुंगीने सरड्याला पाण्यात उतरवले. "त्याची भीती जाईपर्यंत रोज आधी तू उतरायचं. समजलं?"

सरडा रोज उतरला. गळ्याइतक्या पाण्यात, भीतीने पांढरा पडून. अकराव्या दिवशी पाडस त्याच्या शेजारी येऊन पाणी प्यायले.

तात्पर्य एवढेच : ज्या खुणेवर विसंबून दुसरे पाऊल टाकतात, ती आपल्या हौसेसाठी बदलू नये. फारच हौस असेल तर रंग स्वतःच्या अंगावर बदलावेत.