रांधणाऱ्याचा घास

"पण बुवा, आईला समजावणार कोण? माझं तर ती ऐकतच नाही!"

हर्षल बोरोले हे म्हणाला, तेव्हा भागोजीबुवा मठाच्या अंगणात वांग्याची भाजी ढवळत होते. भंडारा होता. वरण-बट्टी तयार होती, भाजी तेवढी राहिली होती.

हर्षल म्हणजे साधासुधा माणूस नव्हे बरं का. टीव्हीवरचा माणूस! संध्याकाळी सातला तो बातम्या द्यायला आला, की लोक हातातला घास हातात ठेवून बघत बसायचे. मठात शिरल्या शिरल्या लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. एरवी स्वारी खुलली असती. आज जीव थाऱ्यावर नव्हता.

"काय झालं आईला?"

"गावातल्या घरी एकटीच दाराला आतून कडी लावून बसलीय. धड जेवत नाही. तुम्ही चला, तुमचं ऐकेल."

"कडी कशापायी?"

हर्षल बुवांच्या जवळ सरकला. मग सांगितलं. गावात बांगड्या विकणारी म्हातारी नूरबी. त्याच्या बायकोला लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. परवा ती नेहमीसारखी दारात पाणी मागायला आली, तर आई किंचाळली, 'पोरं पळवणारी आली!' लोक धावले. बांगड्यांचा चुरा झाला. म्हातारीचा हात मोडला. तेव्हापासून आई दार उघडेना, टोळीतले बाकीचे येतील म्हणते.

बुवांचा झारा थांबला.

"आईच्या डोक्यात हे आलं कुठून?"

"टीव्ही बघते ना दिवसभर."

"कुणाचा?"

"बातम्यांचा, बुवा."

"कुणाचा रे?"

"माझाच. बांगडीवाल्यांच्या वेशात टोळी फिरतेय, असं आम्ही दाखवलं होतं."

"फिरतेय का?"

"नाही निघाली. पण तेही आम्ही सांगितलं, बुवा! दुसऱ्याच दिवशी. खाली पट्टीत."

"आईला वाचता येतं?"

हर्षलनं नकारार्थी मान हलवली. मग त्याला रागच आला. सगळं खापर आपल्याच डोक्यावर का?

"लोकांना हेच लागतं, बुवा. साधी बातमी दिली, की लगेच चॅनल बदलतात. आम्ही तरी काय करणार?"

बुवांनी चुलीवरून भाजी उतरवली.

पंगत बसली. सगळ्यांची पानं वाढून झाली, पण एकानंही हात लावला नाही. पोरंसोरंसुद्धा मांडीवर हात ठेवून बुवांकडे बघत होती. हर्षलला भूक लागली होती. त्यानं बट्टी मोडली, तशी शेजारच्या आजीनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"थांब की! ज्यानं रांधलं, तो आधी खातो इथं."

"का? विषबिष घालतील म्हणून?" हर्षल हसला.

समोरून बुवाच म्हणाले, "तसं नव्हे रे. मीठ जास्त पडलं, तर आधी माझं तोंड खारट व्हावं."

त्यांनी बट्टी कुस्करली, वरण ओतलं, भाजीला लावून घास उचलला. तो हातातच राहिला.

"हर्षल, घरी तुझी मुलगी बघते का रे तुझ्या बातम्या?"

"छे हो! सहा वर्षांची पोर ती. रात्री दचकून उठेल. सात वाजायच्या आत शहरात आमच्याकडे टीव्ही बंद. मीच सांगून ठेवलंय बायकोला..."

हे तो नेहमीच सांगायचा, आणि मोठ्या अभिमानानं सांगायचा. आज सांगता सांगता त्याची जीभ अडखळली.

बुवांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग लोकांनी पानाला हात लावला.

हर्षलचा हात मात्र तसाच राहिला. मोडलेली बट्टी त्याच्यानं उचलवेना.

"बुवा... जेवण झालं की चला ना आईकडे. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

"मी कशाला? तूच जा. दाराबाहेर उभा राहा, आणि पोरीला तुझ्या बातम्या का दाखवत नाहीस, तेवढं आईला सांग."