ओल्या चिखलातली पावलं

जंगलात अजून माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पाणवठ्याचा राखणदार दरवेळी लांडगाच होई. यंदा साळिंदरानं निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. नियम असा होता, की पाठिंबा देणाऱ्या पाच जनावरांनी काठच्या ओल्या चिखलात पाऊल उमटवायचं.

"तुझ्या अंगावर काटे आहेत. आमच्याकडे काय आहे?" ससा साळिंदराला म्हणाला.

"अरे, नियम लांडग्यानंच केलाय. तो कसा मोडेल?"

जीव मुठीत धरून ससा आणि आणखी चौघे आले, पाऊल उमटवून पळाले.

सकाळी लांडगा चिखल हुंगत आला. साळिंदराचे काटे ताठ झाले.

"भिऊ नकोस, नियम म्हणजे नियम. तू खुशाल निवडणूक लढव," लांडगा गोड आवाजात म्हणाला.

आणि सशाच्या बिळाकडे गेलेल्या चिखलाच्या ठशांमागून तो सावकाश चालू लागला.