पाहुण्यांच्या खुर्च्या

तालुक्यात टॉकीज एकच, त्यामुळे मालक नानासाहेब हिरुगड्यांचा तोरा काही विचारू नका. खुर्च्यांत ढेकूण इतके, की पडद्यावर नायिका हसत असली तरी खाली प्रेक्षक कळवळायचे. तक्रार केली की नानासाहेब म्हणायचे, "ढेकूण घरून आणता आणि नाव माझ्या टॉकीजचं खराब करता!"

टॉकीजला पन्नास वर्षं झाली, तेव्हा पडद्यापुढच्या स्टेजवर समारंभ ठेवला. माइक हातात येताच नानासाहेब गरजले, "माझ्या खुर्च्या वाईट आहेत, हे कुणीही आत्ता, इथं सिद्ध करावं. सगळ्याच्या सगळ्या बदलतो!"

लोक नुसत्या मांड्या खाजवत राहिले. दर शुक्रवारी सिनेमाला येणाऱ्या, बांगड्या विकणाऱ्या गोदाक्का मात्र मघापासून स्टेजकडं निरखून बघत होत्या. त्या उठल्या.

"नानासाहेब, घरच्या चांगल्या चारशे खुर्च्या असताना वर पाहुण्यांना मांडववाल्याच्या कशाला? मघाशी वर चढवताना पाठीवरचं नाव वाचलं मी."

हशा पिकला. नानासाहेब सावरत म्हणाले, "अहो, टॉकीजच्या खुर्च्या जमिनीला बोल्टनं जखडलेल्या. वर कशा आणणार?"

"मग पाहुण्यांनाच खाली आणा की!" गोदाक्का प्रमुख पाहुण्यांकडं, म्हणजे पंचायत समितीच्या सभापतींकडं वळल्या. "या साहेब, माझ्या जागेवर बसा."

सभापतींनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "नको, नको, आम्ही इथंच बरे!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की नव्या खुर्च्यांची घोषणा नानासाहेबांना दोनदा करावी लागली.