घट्ट बाही

माणसांना विणकाम येण्याआधीची गोष्ट. सावरीच्या झाडावरच्या खारी थंडीआधी एकत्र बसून, बाभळीच्या काट्यांवर, नव्या पिल्लासाठी जाळीचं स्वेटर विणायच्या. यंदा पिल्लू झिपरीचं होतं. एक बाही तिने हट्टाने स्वतःकडे घेतली.

"एवढी भोकं? वारा शिरेल, मुंगी शिरेल, काय काय शिरेल!" असं म्हणत ती प्रत्येक टाका करकचून ओढत होती.

"अगं, जरा सैल सोड," शेजारी विणत बसलेली भागूकाकू म्हणाली.

"तुमची पिल्लं मोठी झाली, काकू. तुम्हाला काय जातंय बोलायला!"

स्वेटर जोडून अंगात घालताच पिल्लू ऐटीत फांदीवर पळालं. तेवढ्यात घारीची सावली पडली. सगळ्या खारी ढोलीत घुसल्या. पिल्लू मात्र ढोलीच्या तोंडाशी लोंबकळत राहिलं. आवळलेल्या बाहीत त्याचा हात वाकेचना. झिपरीने दातांनी बाही फाडली आणि त्याला आत ओढलं.

घार गेली. मग काकूने झिपरीपुढे नवा धागा ठेवला.

"मी पुन्हा घट्टच विणेन, काकू. भीती जातच नाही."

"माझी तरी कुठे गेलीय? तू विण. घट्ट झालं की मी ओरडेन."