उत्तरेकडे तोंड केलेली शिंगं

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात सांबरांपेक्षा शिकारीच जास्त झाले होते. ज्याला त्याला शिकारीचा नाद! डोंगर ओस पडायची वेळ आली, तेव्हा राजाने दवंडी पिटवली. वर्षाला फक्त चौघांनी डोंगर चढायचा आणि एकेकच नर मारायचा. ज्यांना जायचंय त्यांची नावं घागरीत टाकायची, चार काढायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याला तांब्याचा बिल्ला द्यायचा. शिकार झाली की तो बिल्ला शिंगाला बांधायचा. यातली एक अट मात्र भलतीच कडक होती. मारलेल्या जनावराचं मांस डोंगरावर सडू द्यायचं नाही. ज्याचं सडेल, त्याच्या घराला पुन्हा कधीही बिल्ला मिळणार नाही.

याच गावात भैरू नावाचा शिकारी राहायचा. मिसरूड फुटल्यापासून त्याचं नाव घागरीत पडत होतं. आता मिशा पिकायला आल्या, तरी ते काही वर यायचं नाव घेईना. आणि एका वर्षी आलं की हो! भैरू भर चौकात असा नाचला, की त्याचं पागोटं सुटून पायात आलं.

घरी येऊन त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर दारावर दणकट खुंटी ठोकली. "इथे शिंगं लागणार," तो बायकोला म्हणाला. "येणारा-जाणारा थांबला पाहिजे, बघत राहिला पाहिजे."

"शिंगं यायची तेव्हा येतील," तुळसा म्हणाली, आणि तिने त्या खुंटीला आपलं सूप टांगून टाकलं.

शिकारीआधी बिल्लेवाल्यांना हत्यार न घेता डोंगरात हिंडायची मुभा असे. भैरूने डोंगर नुसता पिंजून काढला. आणि दक्षिणेच्या झऱ्यावर, ओल्या मातीत, त्याला एक पाऊल दिसलं. एवढं मोठं सांबराचं पाऊल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या झाडाची साल शिंगांनी घासून पार सोलवटून निघाली होती, आणि तीही भैरूच्या डोक्याच्या वर!

आता त्या गावाची एक रीत होती. शिकारीला निघण्याच्या आदल्या दिवशी चारही बिल्लेवाले सगळ्यात वयस्कर शिकाऱ्याच्या ओसरीवर जमत. ओसरीवर राखेचा डोंगर करत. बोटाने त्यात ओढे काढत, झऱ्यांच्या जागी खडे ठेवत. मग प्रत्येकाने आपण काय कुठे पाहिलं, ते त्या राखेत बोट ठेवून सांगायचं. त्यात लपवाछपवी नसे.

त्या वर्षी भैरूबरोबर केरबा आबा होते, आणि राणू-जानू हे जुळे भाऊ. आबांनी खरं ते सांगितलं, जुळ्यांनी एकमेकांना अडवत अडवत खरं ते सांगितलं, आणि भैरूची पाळी आली. त्याचं बोट दक्षिणेच्या खड्याकडे निघालं होतं. पण डोळ्यांपुढे ती खुंटी आली, आणि बोट वळलं.

"उत्तरेच्या घळीत जा तुम्ही," तो म्हणाला. "तिथे माग आहे. दक्षिणेचा झरा तर आटलाय. मी आपला दक्षिणेलाच एखादं भटकं जनावर मिळतं का बघतो."

"अरे, मग तू का रे कोरड्यात मरतोस? चल की आमच्याबरोबर," राणू म्हणाला.

"नको, नको, तुम्हाला गर्दी होईल. आणि हो, दक्षिणेकडून शिंग वाजलेलं ऐकू आलं, तरी लक्ष देऊ नका. पलीकडचे गुराखी वाजवत असतात."

आबांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं, आणि राखेवर हात फिरवून डोंगर मोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भैरू झऱ्याजवळ दबा धरून बसला. उन्हं वर आली आणि ते सांबर आलं. काय त्याची छाती, काय त्याची शिंगं! भैरूने श्वास रोखला, दोरी ओढली, बाण सोडला. सांबर उसळलं, चार उड्या मारून खालच्या घळीत कोसळलं आणि शांत झालं. भैरू धावत घळीत उतरला, हात जोडले, बिल्ला शिंगाला बांधला. त्याला रडूच आलं बिचाऱ्याला.

डोळे पुसून त्याने सांबराचे पाय धरले आणि ओढलं. हलेल तर शपथ! मान धरून ओढलं, कमरेला दोर बांधून ओढलं. जनावर तसूभर सरकेना, भैरूच घसरून बुडावर आपटला. एकट्याने तुकडे करून न्यायचं म्हटलं तरी गाव पार खाली, आणि ऊन तर तापायला लागलेलं. मांस टिकायचं नाही.

मदतीला कुणी यावं म्हणून त्याने कमरेचं शिंग तोंडाला लावून जोरात फुंकलं. वाट पाहिली. पुन्हा फुंकलं. मग त्याला आठवलं, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "वा रे शहाण्या!" तो स्वतःलाच म्हणाला. "गुराखी वाजवतात म्हणे!"

वर कावळे जमले होते. भैरूच्या मनात एक विचार येऊन गेला. बिल्ला सोडून घ्यावा, हे असंच टाकावं, गावात जाऊन म्हणावं, काही मिळालं नाही. कोण बघायला येतंय? पुढच्या वर्षी पुन्हा नाव घागरीत. त्याने गाठीला हातही लावला.

पण सांबराचा तो उघडा डोळा त्याच्याकडेच बघत होता. सकाळपर्यंत हे जनावर या डोंगराचं राजेपण मिरवत होतं, आणि आता आपल्या एका खोट्यापायी ते सडणार! भैरूला स्वतःची लाज वाटली. त्याने सांबरावर गार पाल्याच्या फांद्या रचल्या, पागोटं काढून कावळ्यांना भिववायला काठीवर फडकत ठेवलं, आणि उत्तरेकडे धूम ठोकली.

धापा टाकत तो उत्तरेच्या घळीवर पोचला, तर तिघे शिळोप्याच्या गप्पा मारत बसलेले. घळीत माग तर सोडाच, माशीसुद्धा नव्हती.

"मी खोटं बोललो," भैरू म्हणाला. "झरा वाहतोय. सांबर माझ्याच हातून पडलंय. माझ्याच्याने उचलत नाही. ते सडेल हो आबा! मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या, पण चला."

जानू तर बाह्या सरसावून उठलाच. आबांनी त्याला हाताने थांबवलं. "शिव्या वाटेत देऊ. ऊन थांबायचं नाही. उठा."

आणि खरोखर वाटभर शिव्या दिल्या! राणू थकला की जानू, जानू थकला की राणू. भैरू मान खाली घालून पुढे चालत होता. सांबरापाशी पोचल्यावर मात्र सगळे कामाला लागले. चौघांनी मिळून वाटे केले, कावडी भरल्या, आणि दिवस मावळायच्या आत मांस गावात पोचलं. त्या दिवशी प्रत्येक चुलीवर रस्सा रटरटला. शिकारीच्या मुदतीचे जे दिवस उरले होते, त्यांत भैरूने तिघांना झरा दाखवला, त्यांच्या शिदोऱ्या वाहिल्या, आणि जुळ्यांची शिकारही खांद्यावरून खाली आणली.

"शिंगं तुझीच," आबा त्याला म्हणाले. "दारावर खुशाल लाव. फक्त त्यांचं तोंड उत्तरेकडे करायचं. आणि कुणी विचारलं, तर खरं सांगायचं."

भैरूचं दार होतं पूर्वेला. त्यामुळे शिंगं अशी वाकडी बसली, की येणारा-जाणारा थांबायचा, बघत राहायचा आणि विचारायचा, "अहो, ही तिकडे कुठे बघतायत?" मग भैरू घसा खाकरून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा, अगदी गुराख्यांसकट. आणि तो सांगत असताना तुळसा आतून यायची, हसू दाबत, त्या शिंगांना आपलं सूप टांगायची.

तात्पर्य: ज्यांना आपण चुकीच्या वाटेला लावतो, आपलं ओझं उचलायला शेवटी त्यांचेच खांदे लागतात.