सिदूराजाचं घोंगडं

एक होता सनगर, एक होती सनगरीण. सनगर म्हणजे घोंगडी विणणारा, बरं का. त्याचं नाव धुळाप्पा, तिचं नाव लगमा. त्यांना एकुलता एक लेक, नागू. मिसरूड फुटलेला, बापासारखा अबोल नि आईसारखा तापट.

ते राहायचे बारावाडीच्या राज्यात. पूर्वी या बारा वाड्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. हिनं तिची मेंढरं पळवायची, तिनं हिची गंजी पेटवायची. मग एकदा काय झालं, डोंगरावरून पांढरी थंडी उतरली. पांढरी थंडी कशी? तर दूध उतू जाता जाता वाटेतच गोठायचं! तेव्हा सिदू नावाच्या मेंढक्यानं माळावर आपलं घोंगडं उलगडलं नि हाक दिली, "या रे, आत या!" एक आला, घोंगडं हातभर वाढलं. दहा आले, अंगणाएवढं वाढलं. बाराही वाड्या आल्या, तरी पुरून उरलं. सकाळी सगळी बाहेर आली, ती एक देश होऊनच.

मग त्यांनी सिदूला राजा केलं. सिदूराजा म्हणाला, "माझं देऊळ नको, वाडा नको. एवढं घोंगडं सांभाळा. दरसाल घरटी मूठभर लोकर द्या, सनगरानं ती बोटभर विणून जोडावी. काळी असो, पांढरी असो, कुणाची मूठ परत करायची नाही."

तेव्हापासून सिदूराजाच्या दिवशी घोंगडं माळावर पसरायचं. त्यावर बसून सगळ्यांनी आंबील प्यायची. लेकरं लोळायची. एखादं त्यावर मुतायचंसुद्धा. हसतोस काय रे चिंतू, काल तू तेच केलंस.

पुढे सिदूराजाचा पणतू राज्यावर आला, शेषराजा. मनाचा वाईट नव्हता हो. पणजोबांवर त्याचा भारी जीव. पण घोंगड्यावरचे आंबिलीचे डाग बघून तो म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या घोंगड्यावर लोकांचे पाय?" मग त्यानं चंदनाची पेटी केली, तिला चांदीचं कुलूप घातलं. लोकांनी लांबून हात जोडायचे नि घरी जायचं. सनगराला सांगितलं, "तुझी बोटभर वीण आता बंद. या थोर लोकरीला असली तसली लोकर जोडायची नाही."

पहिल्या साली पेटी उघडली, तर घोंगडं सतरंजीएवढं. दुसऱ्या साली उघडली, तर पंचाएवढं. तिसऱ्या साली उघडली, तर बाळाच्या कुंचीएवढं!

राजा कडाडला, "सनगरानं कापून नेलं! चोर आहे हा!"

धुळाप्पानं मान खाली घातली. लगमा मात्र पुढं झाली. "कुलूप तुमचं, किल्ली तुमची, अन् चोर आमी व्हय?"

पण ऐकतो कोण! नागूचं डोकं फिरलं. "जिथं माझ्या बापाला चोर म्हणत्यात, तिथलं पाणी मला नको," म्हणाला, नि मेंढरं हाकत, कुत्रा बरोबर घेऊन चालता झाला. राज्याच्या पार टोकाला वाऱ्याची खिंड. तिच्यापलीकडे परका मुलूख.

नागू खिंडीत पोचला नि इकडे पांढरी थंडी पुन्हा उतरली. विहिरी गोठल्या. खिंडीची वाट मिटली. नागूला पुढे जाता येईना, मागे येता येईना. चौथ्या दिवशी नुसता कुत्रा परत आला, शेपटीचे केस ताठ. लगमा त्याला जवळ घेऊन खिंडीकडे बघत बसली.

तिकडे राजानं घोंगडं उलगडलं, तर त्याचे स्वतःचे गुडघे झाकेनात. त्यानं सोन्याची तार जोडली, ती गळून पडली. रेशीम जोडलं, ते उसवलं. स्वतःची शाल फाडून जोडली, तीही सुटली. मग कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात लगमा आली. म्हणाली, "महाराज, ते मेलं न्हाई. उपाशी हाय. तीन सालं त्याला कुणाची मूठ मिळाली न्हाई."

"मी परमुलखातून गाडीभर लोकर विकत आणतो."

"इकत आणून तुमी एकटंच झाकाल. माझा नागू पार खिंडीत हाय. तितवर पोचायचं तर बाराबी वाड्या लागत्यात."

राजा उठला. पेटीतलं ते चिरगूट आपल्या हातानं तिच्या ओटीत घातलं.

मग लगमा पाटी घेऊन निघाली. बरोबर राजाचा शिपाई. पण थंडीत मेंढरं कातरायची कशी? ती मरतील ना! पहिल्या घरी म्हातारा मेंढका होता, त्यानं आपल्या टोपीचा काठ उसवून दिला. दुसऱ्या घरी बाळंतीण होती, तिनं बाळाच्या कुंचीची एक पट्टी दिली नि बाळाला पोटाशी घट्ट धरलं. तिसऱ्या घरापाशी शिपाई म्हणाला, "हे सोड मावशी. ही माणसं परवा आलीत, आपली नव्हेत."

लगमा गर्रकन वळली. "सिदूराजानं आत घेताना इचारलं व्हतं का रं, कोण कवा आला ते?"

त्या घरातून तांबूस लोकर मिळाली. बारावाडीत तसली नव्हतीच कुणाकडे. अशा बारा वाड्या फिरून बारा पाट्या भरल्या.

धुळाप्पा मागावर बसला. खटक खटक, खटक खटक. राजा दारात उभा. म्हणतो, "मी काय देऊ? माझ्या घरी सगळं रेशीमच."

"हात हायती न्हवं?" लगमा म्हणाली. "चिंचोकं कुटा." घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावतात, बरं का, तरच ते टिकतं. मग राजा बसला कुटायला. दुपारपर्यंत हाताला फोड आले. तेव्हा धुळाप्पानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "अजून बारीक, महाराज. सिदूराजाच्या लेकानं याच उखळात कुटलं व्हतं." राजाची मान ताठ झाली. तो आणखी जोरानं कुटू लागला.

दिवस मावळायला घोंगडं माळावर आणलं. बारा वाड्या भोवती उभ्या. लगमानं काठ हातात धरला नि हाक दिली, "ह्ये घोंगडं कुणाचं?"

"आमचं!" घोंगडं माळभर झालं.

"कुणाचं?"

"आमचं!" बारा वाड्या झाकल्या.

तिसऱ्यांदा ती खिंडीकडे बघत म्हणाली, "कुणाचं गं बायांनो?"

"आपलं! नागूचंबी!" असा गजर झाला, की काठ लगमाच्या हातातून सुटला नि डोंगर चढून धावत गेला.

सकाळी थंडी कुठल्या कुठे. सगळे खिंडीत गेले, घोंगडं उचललं. आत मेंढरांच्या घोळक्यात नागू घोरतोय, मुठीत काठ धरून! लगमानं गदागदा हलवलं. डोळे चोळत म्हणाला, "आये, काठ हाताला लागला. बापाची वीण वळखली, अन् झोप लागली."

राजानं धुळाप्पापुढे पागोटं काढलं. म्हणाला, "सगळ्यांचं घोंगडं पेटीत मी कोंडलं. चोर मी." चांदीचं कुलूप वितळवून त्यानं मेंढरांच्या गळ्यात घुंगरं केली. दरसाल सिदूराजाच्या दिवशी चिंचोके राजानंच कुटायचे, असा नेम पडला.

मग नागूचं लग्न झालं. सून आली तांबूस लोकरीच्या घरातली. माग पुन्हा वाजू लागला, अंगणात नातवंडं लोळू लागली, अन् धुळाप्पाच्या घराला बारावाडी मानानं सिदूराजाच्या सनगराचं घर म्हणू लागली.

चला, शेजारच्याचे पाय झाकलेत का बघा. झाकलेत? मग मिटा आता डोळे.